वाचकांचे प्रश्न : कानातल्या पिस्टनचं माप

प्रश्न : माझ्या बहिणीला ओटोस्क्लेरोसिस आहे. ऑपरेशन करून कानात पिस्टन बसवणार आहेत. त्याचं माप टेबलावरच ठरेल, असं डॉक्टर म्हणतात. चष्म्याच्या नंबरासारखं ते आधीच का काढत नाहीत? माप चुकलं तर?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. या आजारात रिकीब हे मध्यकर्णातलं इवलंसं हाड तळाशी घट्ट बसतं, त्यामुळे आवाज अंतर्कर्णात नीट पोहोचत नाही. रिकिबीचा वरचा भाग काढून तळाला बारीक भोक पाडतात. पिस्टन म्हणजे रिकिबीच्या जागी बसवायची बारीक कृत्रिम दांडी. तिचं एक टोक त्या भोकात जातं, दुसऱ्या टोकाची कडी ऐरण या शेजारच्या हाडाच्या दांड्यावर आवळतात. ऐरण ते तळ हे अंतर साधारण ४ मिमी असलं तरी प्रत्येक कानात थोडं वेगळं भरतं. इथे पाव मिलिमीटरलाही महत्त्व आहे आणि तेवढी खात्री स्कॅन देत नाही. म्हणून सर्जन मापकाठी आत धरून दांड्याच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत मोजतात आणि त्यात पाव मिलिमीटर मिळवतात. तेवढं टोक भोकातून आत उतरायला हवं. बहुतेकांना ४.२५ किंवा ४.५ मिमीचा पिस्टन लागतो, पण मागची-पुढची मापं हाताशी हवीतच. खोक्यावरची लांबी कुठून कुठपर्यंत धरली आहे, हेही पाहावं लागतं. सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने मोजत नाहीत.

जाडी सहसा ०.४ किंवा ०.६ मिमी असते. भोक त्याहून किंचित मोठं ठेवतात, नाहीतर पिस्टन अडकतो.

पिस्टन आखूड पडला तर टोक भोकातून सरकतं आणि सुधारलेलं ऐकू येणं काही महिन्यांनी, कधी वर्षांनी पुन्हा कमी होतं. लांब झाला तर जास्त काळजीचं : आतल्या तोल सांभाळणाऱ्या पिशव्या जवळच असतात, त्यांना टोक लागलं की चक्कर येते, अंतर्कर्णाला इजाही होऊ शकते. म्हणूनच अनेक सर्जन भूल फक्त कानापुरती देतात आणि पिस्टन बसवताना रुग्णाला विचारतात, 'गरगरतंय का?' बहिणीने तेव्हा संकोच न करता खरं ते सांगावं.

माप अचूक असूनही कडी सैल राहिली तर ती हलत राहते आणि ऐरणीचा दांडा झिजवते. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

पहिले काही दिवस थोडी चक्कर चालते. ती वाढत गेली किंवा ऐकू येणं अचानक घटलं, तर त्याच दिवशी दाखवा. डिस्चार्ज कार्डावर पिस्टनची लांबी, जाडी, धातू आणि कंपनी लिहून घ्या. पुढे एमआरआय करताना किंवा पुन्हा ऑपरेशन लागलं तर हीच माहिती विचारतात.