इटलीचा प्रोग्रेसिव्ह रॉक: पीएफएमनंतर काय?

प्रश्न: पीएफएम आणि बांको हे प्रोग्रेसिव्ह रॉकचे (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचे) गाजलेले इटालियन बँड ऐकून झाले. इटलीचे कमी माहितीचे बँड कसे शोधावेत?

उत्तर: 'डिस्कॉग्ज' या अल्बमची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर देश इटली, शैली प्रोग रॉक (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक) आणि साल 1972 ते 1974 असे निवडा. गाणी ऐकण्याच्या अ‍ॅपच्या शिफारशींवर विसंबू नका. यातले अनेक बँड एकदोन अल्बम काढून फुटले, त्यामुळे ते तिथे क्वचितच वर येतात.

सुरुवात मुझेओ रोझेनबाखच्या 'झरातुस्त्रा'पासून (1973) करा. पहिली बाजू म्हणजे सुमारे 20 मिनिटांची एकच सलग रचना, मेलोट्रॉनने (टेपवरचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डने) भारलेली. ती तुकड्यातुकड्यांत ऐकू नका, सगळी उभारणी हातची जाते. याच अल्बमचे 2012चे नवे ध्वनिमुद्रणही आहे, म्हणून साल तपासूनच लावा. नेपल्सच्या बल्लेत्तो दी ब्रॉन्झोचा 'ईस' (1972) कर्कश आणि अस्वस्थ करणारा आहे. तो दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात उलगडतो, पण आमच्या मते या साऱ्यांत सर्वांत धाडसी तोच.

नावांत एक गफलत हमखास होते. व्हायोलिनवाला बँड क्वेल्ला वेक्किया लोकांदा, त्याचा पहिला अल्बम 1972चा. लोकांदा देल्ले फाते हा वेगळाच बँड, त्याचा अल्बम 1977चा, दोन कीबोर्डवादकांचा आणि फार गोड.