डिस्क खराब नाहीये, परत करू नका

थांबा, पार्सल पॅक केलं असेल तर आधी त्याची टेप फाडा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 'इट्स अ वंडरफुल लाइफ'ची फोरके (म्हणजे सगळ्यात बारीक तपशील दाखवणारी) डिस्क मागवलीत, सगळा पिक्चर काचेसारखा स्वच्छ दिसतो पण बारमध्ये नायक जॉर्ज देवाला हाक मारतो तो शॉट एकदम रेताड होतो, म्हणून भाऊ म्हणतोय डिस्क फॉल्टी आहे. शिवाय दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, आणि मुलं ब्लॅक अँड व्हाइट म्हटलं की उठून जातात, तर रंगीत व्हर्जन घ्यावं का.

पट्ट्यांचं आधी उरकतो. १९४६ चा पिक्चर आहे, तेव्हा पडदा जवळपास चौकोनीच असायचा, त्यामुळे पट्ट्या यायलाच हव्यात. रिमोटवरून 'फुल' करू नका, नायिका डोना रीडचे गाल सुजल्यासारखे दिसतात.

आता तो शॉट. त्यात डिस्कचा दोष नाही आणि तुमच्या टीव्हीचाही नाही, तो मूळ फिल्ममध्येच तसा आहे. जॉर्जचं काम करणाऱ्या जेम्स स्ट्युअर्टने नंतर सांगितलेली गोष्ट अशी, की त्या टेकला तो प्रार्थनेचे डायलॉग बोलत होता आणि बोलता बोलता खरंच रडू फुटलं, ठरलेलं वगैरे काही नव्हतं. पंचाईत अशी की कॅमेरा लांब होता. दिग्दर्शक फ्रँक कॅप्राला क्लोजअप हवा होता, पण तसं रडणं पुन्हा येईल याची खात्री ना त्याला ना स्ट्युअर्टला. मग कॅप्राने तीच फिल्म घेऊन लॅबमध्ये एकेक फ्रेम मोठी करून घेतली, कॅमेरा चेहऱ्याजवळ गेलाय असं वाटेपर्यंत. आता फिल्मवरच्या फ्रेमचा छोटा तुकडा मोठा केला की त्यातले चांदीचे कणपण मोठे होणार, आणि वर ती कॉपीची कॉपी. म्हणजे तुम्ही ज्याला रेती म्हणताय ती १९४६ साली लॅबमध्येच आलेली आहे.

खात्री करायची असेल तर बॅगांच्या दुकानातला सीन लावा. मोठा झालेला जॉर्ज पहिल्यांदा दिसतो, दोन्ही हात पसरून 'एवढी मोठी बॅग हवी' म्हणतो आणि चित्र तिथेच गोठतं, वरून देवदूतांच्या गप्पा सुरू. तिथेही असंच होतं, कारण ती गोठलेली फ्रेमपण लॅबमध्येच केलेली. आणि एक सीन विरघळून दुसरा येतो तिथे तर जवळजवळ प्रत्येक जुन्या पिक्चरमध्ये चित्र क्षणभर मऊ पडतं. एकदा लक्षात आलं की दिसतच राहतं, त्याबद्दल आधीच सॉरी.

हे आज दिसतंय म्हणून कौतुक, माझ्या पहिल्या कॉपीत आख्खा पिक्चरच रेती होता. १९९२ च्या डिसेंबरमध्ये कंपनीच्या कामाने न्यू जर्सीला होतो, एका दुकानात पैसे द्यायच्या रांगेजवळ टोपलीत व्हीएचएस कॅसेटी पडलेल्या, च्युइंगगमच्या शेजारी. दोन की तीन डॉलरला एक उचलली. अशा स्वस्त कॅसेटी टेप वाचवायला सगळ्यात स्लो स्पीडला भरलेल्या असायच्या, त्यात प्रिंट कुठल्या कॉपीवरून काढलेली देव जाणे. पुण्याला आणल्यावर कळलं की आपला व्हीसीआर ती अमेरिकन सिस्टिमची कॅसेट घेतच नाही, मग मल्टिसिस्टिमवाला व्हीसीआर भाड्याने आणून बघितली. बर्फ पांढरा, चेहरे पांढरे, मागची भिंतपण पांढरी. नुसता आवाज ऐकायचा, आणि आवाजावर हा पिक्चर गोडगोड वाटतो, घंटा वाजली देवदूताला पंख फुटले वगैरे. मी तर वीस वर्षं लोकांना सांगत होतो की ठीक आहे, जरा पाकात बुडवलेला आहे.

टोपलीत का पडला होता त्याचीपण गंमत आहे. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात २८ वर्षांनी कॉपीराइट रिन्यू करावा लागायचा, १९७४ ला तो करायचाच राहून गेला. झालं, टीव्ही स्टेशनांना डिसेंबरमध्ये लावायला फुकटचा पिक्चर मिळाला, दिवसातून कितीदाही लावा, आणि कॅसेटवाल्यांचीपण चांदी. रिलीजच्या वेळी पाच ऑस्कर नॉमिनेशनं मिळाली पण त्यातलं एकही बक्षीस पदरात पडलं नाही, गल्लाही बेताचा, असा पिक्चर फुकट दाखवून दाखवून घराघरात गेला. पुढे १९९३ ला रिपब्लिक पिक्चर्सने मूळ कथेचे आणि संगीताचे हक्क पुढे करून हा फुकटेपणा बंद केला. कथा फिलिप व्हॅन डोरेन स्टर्नची, छापायला कोणी घेईना म्हणून १९४३ च्या ख्रिसमसला त्याने शुभेच्छापत्रासारख्या २०० प्रती काढून ओळखीच्यांना पाठवल्या होत्या.

तर मी तो पिक्चर डोक्यातून काढून टाकलेला. दोन वर्षांपूर्वी भाचा शिकागोहून येताना २०१९ ची फोरके डिस्क घेऊन आला (मूळ नायट्रेट निगेटिव्ह आणि चाळीसच्या दशकातल्या मास्टर प्रिंटांवरून केलेली, तुमच्याकडे आहे तीच). बाबा तेव्हा आमच्याकडे होते. बाबांनी सगळी नोकरी पतपेढीत कॅशियर म्हणून काढली, इंग्रजी पिक्चर म्हटलं की पेपर तोंडासमोर धरतात. मी म्हटलं बाबा, यात पतपेढी आहे. पेपर खाली आला.

आणि आहेच की हो. जॉर्ज चालवतो ती बेली बिल्डिंग अँड लोन म्हणजे दुसरं काय, लोकांचे थोडे थोडे पैसे गोळा करून त्यातूनच लोकांना घरं बांधायला कर्ज. पैसे काढायला लोक दारात चेंगरतात तो सीन लागला तसे बाबा सरसावून बसले. हनिमूनला निघालेला जॉर्ज खिशातले दोन हजार डॉलर काउंटरवर ठेवतो, लोकांना हातापाया पडून सांगतो की गरजेपुरतेच न्या. कोणी वीस नेतो, एक बाई साडेसतरा मागते, संध्याकाळी तिजोरीत दोन डॉलर उरतात. बाबा म्हणाले, "आमच्याकडे झालं तेव्हा चेअरमन घरी जाऊन झोपला होता."

पण खरी मजा पुढे. जॉर्जचा काका, अंकल बिली, आठ हजार भरायला बँकेत जातो, गावातला श्रीमंत खलनायक पॉटर याला डिवचायला त्याच्या हातातला पेपर घेतो, आणि परत देताना पैशाचं पाकीट त्या घडीतच जातं. माझ्या कॅसेटवर पाकीट, पेपर, हात सगळा एकच पांढरा डाग होता, पैसे गेले कुठे ते पॉटरने पेपर उघडल्यावरच कळायचं. इथे पाकिटाची कड स्पष्ट दिसते. बाबा ओरडलेच, "अरे दिले! त्यालाच दिले!" चहा सांडला. मग पंधरा मिनिटं पिक्चर बंद, तीनशे रुपयांच्या तुटीसाठी एकदा रात्री साडेअकरापर्यंत टॅली लावत बसल्याची गोष्ट, जी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. बारचा सीन आला तेव्हा मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. जॉर्जचा चेहरा ओला, हात कपाळाशी, सगळी रेती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हा पिक्चर कधी बघितलाच नव्हता. स्ट्युअर्ट युद्धात बॉम्बर विमानं उडवून परत आलेला, त्यानंतरचा हा पहिला पिक्चर, आणि ते चेहऱ्यावर दिसतं. पाक वगैरे काही नाही, कोपऱ्यात अडकलेल्या माणसाचा पिक्चर आहे.

शेवटी सगळं गाव टेबलावर पैसे ओततं तिथे बाबा भानावर आले, "पावत्या कोण फाडतंय?" आणि पॉटरला शिक्षा होत नाही याचा राग त्यांना अजून आहे.

आता रंगीत. माझं मत, नको. कॅप्रा आणि स्ट्युअर्ट दोघांनीही रंगवण्याला जाहीर विरोध केला होता ते एक, पण साधी गोष्ट म्हणजे रात्रीचे काळे कोपरे, पुलावरचा बर्फ हे सगळं काळ्यापांढऱ्यासाठी लाइट केलेलं आहे, वरून रंग चढवला की चेहरे मेणाचे होतात. तरी बघायचंच असेल तर २००९ च्या ब्लू-रे संचात काळीपांढरी आणि रंगीत दोन्ही डिस्क आहेत, मात्र ब्लू-रेला रीजन असतो (कुठल्या देशातल्या प्लेअरवर चालेल तो कोड), आपल्याकडचे प्लेअर रीजन सी, त्यावर ती चालते का तेवढं तपासा. फोरकेला रीजनची भानगड नाही. टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन दोन्ही बंद करा, नाहीतर ग्रेन, म्हणजे ती रेती, पुसताना चेहऱ्याची कातडीपण पुसली जाते. आणि ऑनलाइन बघणार असाल तर लांबी १३० मिनिटं आहे का बघून घ्या, एक कापलेली आवृत्ती फिरते, तिच्यात जॉर्ज जन्मलाच नसता तर गावाचं काय झालं असतं तो आख्खा भागच उडवलाय, म्हणजे माणूस पुलावर जीव द्यायला जातो आणि लगेच हसत घरी पळतो, का ते विचारू नका.

मुलांना पहिल्यापासून बसवू नका. डान्सचा सीन लावा. नाचता नाचता जिमची जमीन दुभंगते आणि खाली स्विमिंग पूल, एकेक जण धपाधप पाण्यात. सेट नाही तो, बेव्हर्ली हिल्स हायस्कूलची खरी जिम आहे, जमीन खरंच सरकते. आणि बर्फाचं सांगा, की आधी सिनेमात रंगवलेले कॉर्नफ्लेक्स उधळायचे, पायाखाली कुरकुर वाजायचे म्हणून डायलॉग नंतर भरावे लागायचे, तर इथे आग विझवायचा फेस वापरून आवाज न करणारा बर्फ बनवला. ऑस्करवाल्यांनी त्याला टेक्निकल बक्षीस दिलं. शूटिंग भर उन्हाळ्यातलं, पुलावर स्ट्युअर्टला घाम आलाय. आमच्या नातीला तो घाम शोधायचं काम दिलं होतं, तिने पॉज करून करून शोधला आणि मग उरलेला पिक्चर आपणहून बघितला.