लाकडी ल्यूरचा रंग दोन-तीन फेऱ्यांत का तडकतो? त्यावर कोणता रंग आणि कोणतं सील लावावं?

तुम्ही लिहिलंय की घरी लाकडाचे ल्यूर, म्हणजे गळाला लावायचे नकली मासे, बनवता, त्यावर ऑइल पेंट आणि वरून वार्निश मारता, तरी दोन-तीन वेळा खाडीत टाकले की पोटाकडून रंगाला भेगा जातात आणि पापुद्रे निघतात. मग आता कोणता रंग घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे.

रंग बदलून फारसा फरक पडणार नाही. मी रेवदंड्याच्या खाडीत जिताडा माशासाठी घरचेच ल्यूर वापरतो. सुरुवातीची दोन वर्षं मीसुद्धा रंगाचे डबे बदलत होतो आणि प्रत्येक डब्याचा शेवट सारखाच झाला. रंग तडकतो तो आतलं लाकूड पाणी पिऊन फुगतं म्हणून. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. वरचा कडक रंग तेवढा ताणला जात नाही, म्हणून भेग पडते. तुमचा एखादा तडकलेला ल्यूर हातात घेऊन भेग सुरू कुठून झालीय ते नीट बघा. बहुतेक वेळा ती आयस्क्रूपाशी (हुक अडकवायचा कडीवाला स्क्रू), पुढच्या ओठाच्या (ल्यूरला डुबकी घ्यायला लावणाऱ्या पट्टीच्या) खाचेपाशी किंवा नाक-शेपटीच्या टोकाला सापडेल. या जागी लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, आणि तिथून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी भराभर आत शिरतं.

म्हणून सगळा जोर सील करण्यावर द्या, आणि तेही रंगाच्या आधी. अनेकजण ल्यूर रंगवून, क्लिअर कोट म्हणजे वरचा पारदर्शक थर मारून शेवटी आयस्क्रूसाठी भोक पाडतात. म्हणजे बंद केलेल्या भांड्याला पुन्हा छिद्र. आकार, ओठाची खाच, हुकांची भोकं, तोलासाठी शिसं भरायची पोकळी हे सगळं आधी करून घ्या. आयस्क्रू एकदा फिरवून काढून ठेवा, म्हणजे आतले आटेसुद्धा तयार होतील. मगच सीलिंगला हात घाला.

लाकडाचं म्हणाल तर मी पांगारा वापरतो. हलका, कापायला मऊ, तरंगतो छान. पण पाणी पिण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. शिवण या झाडाचं लाकूड थोडं जड, पण माशाचे दात लागले तरी टिकतं. साग टिकाऊ म्हणून घ्यावासा वाटतो, पण त्याच्या अंगातल्या तेलामुळे इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचं, घट्ट होणारं रेझिन) आणि रंग नीट धरत नाहीत. वापरलाच तर सील करायच्या लगेच आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. लाकूड कुठलंही असो, आधी ते पूर्ण वाळलेलं हवं. यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्या. घडवलेला ल्यूर माळ्यावर कोरड्या जागी ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी वजन लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

सील करायला मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते सावकाश जमणारं इपॉक्सी. त्यात एक युक्ती आहे. आधी हेअर ड्रायरने लाकूड हाताला गरम लागेल इतकं तापवायचं, ड्रायर बंद करायचा आणि मग इपॉक्सीचा पातळ हात द्यायचा. लाकूड थंड होताना आतली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढलं जातं. उलट केलंत, म्हणजे आधी लावून मग तापवलंत, तर आतली हवा प्रसरण पावून बुडबुड्यांनी बाहेर येते आणि प्रत्येक बुडबुड्यामागे सुईएवढं छिद्र राहतं. भोकांमध्ये आणि ओठाच्या खाचेत टूथपिकने इपॉक्सी फिरवा. नाक आणि शेपटीला दोनदा द्या.

इपॉक्सी नको असेल तर फर्निचर पॉलिशवाले वापरतात तो सँडिंग सीलर चालतो. तो निम्मा थिनर घालून पातळ करा, ल्यूर पूर्ण बुडवून बाहेर काढा, टांगून वाळवा आणि ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकं घासा. असं तीन-चार वेळा करा. उकळवलेलं जवसाचं तेल पाजायची पद्धतही आहे. ती गोड्या पाण्यात ठीक आहे, पण वाळायला फार दिवस लागतात. तेलाने भिजलेलं फडकं मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. ते पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. सील जमल्यावर, रंगाच्या आधी, ल्यूरचं वजन करा. वजन बांधून तो रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी कोरडा पुसून पुन्हा काट्यावर ठेवा. वजन तेवढंच असेल तर पुढे जा. ०.२-०.३ ग्रॅम जरी वाढलं असेल तरी कुठेतरी गळती आहे, तेव्हा वाळवून पुन्हा सील करा. ही एक पायरी सुरू केल्यापासून माझा एकही ल्यूर पोटाकडून फुगलेला नाही. शिशाचा तोलही याच वेळी, हुक आणि रिंगा लावून तपासा. वरचे कोट चढले की वजन आणखी थोडं वाढतं, त्यामुळे आत्ता किंचित जास्त तरंगणारा ल्यूर शेवटी बरोबर बसतो. बादलीतल्या गोड्या पाण्यापेक्षा खाडीच्या खाऱ्या पाण्यात तो थोडा वर तरंगेल, हेही ध्यानात ठेवा.

फिनलंडचे मासेमार लाउरी रापाला यांनी १९३६ साली आपला पहिला ल्यूर बुचातून (कॉर्कमधून) कोरला. त्यावर चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरचं आवरण दिलं. हाताशी होतं त्यातून पाणी बाहेर ठेवणारा थर त्यांनी शोधला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आपणही तेच करतोय.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. सील केलेला पृष्ठभाग ४०० च्या पेपरने घासून त्याची चमक घालवा, स्पिरिटने पुसा आणि मग बोट लावू नका. त्यावर पांढरा प्रायमर आणि पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग पुरे. आमच्या खाडीत जिताडा बोय या छोट्या माशांच्या मागे असतो, म्हणून मी पाठ हिरवट करडी, बाजू चंदेरी आणि पोट पांढरं ठेवतो. खवल्यांसाठी मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा आणि वरून स्प्रे मारा. मार्करने ठिपके काढणार असाल तर आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा. काही मार्करची शाई क्लिअर कोटमध्ये पसरते. ओठ पॉलिकार्बोनेटचा असेल, जुन्या सीडीचा असला तरी तो पॉलिकार्बोनेटच, तर त्याला मास्किंग टेप लावा आणि थिनरपासून जपा. नाहीतर तो धुरकट होतो.

वरच्या थरालाही मी इपॉक्सीच वापरतो. पाच मिनिटांत जमणारं घेऊ नका, ते पसरायच्या आत घट्ट होतं आणि लवकर पिवळं पडतं. बाटलीवर दिलेलं प्रमाण सिरिंजने मोजा. बारा सेंटिमीटरच्या ल्यूरला दोन मिलीलीटर पुरतं, पण एकावेळी पाच-सहा मिलीलीटरपेक्षा कमी कालवू नका. थोड्या मिश्रणात प्रमाणाची छोटी चूकही मोठी ठरते आणि थर चिकट राहतो. कालवल्यावर ते दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. लावल्यावर ल्यूर सावकाश फिरत राहिला पाहिजे, नाहीतर सगळं पोटाकडे ओघळतं. खराब मायक्रोवेव्हच्या ताटलीखालची मोटर यासाठी उत्तम. ती मिनिटाला पाच-सहा फेरेच घेते. फक्त ती किती व्होल्टची आहे ते तिच्यावर वाचूनच जोडा, सगळ्या २२० च्या नसतात.

पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळा. एका जुलैमध्ये मी सहा ल्यूरना उघड्या पडवीत कोट दिला आणि सकाळी सगळ्यांवर दुधासारखी चिकट साय आली होती. हवेतल्या ओलाव्याने इपॉक्सीचं असं होतं. साबणाच्या पाण्याने धुऊन, घासून पुन्हा कोट द्यावा लागला. करायचंच असेल तर बंद खोलीत, तापणारा जुना पिवळा बल्ब लावलेल्या खोक्यात करा. गाड्यांवर मारतात तो दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर चांगला टिकतो, पण त्याचा फवारा फुफ्फुसांना घातक असतो. कापडी मास्क पुरत नाही, म्हणून मी तो घरात वापरत नाही.

आयस्क्रू बसवताना भोकात इपॉक्सीचा थेंब सोडायला विसरू नका.

वापर सुरू झाला की ट्रेबल (तीन टोकांचे) हुक पोटावर घासून अर्धगोल ओरखडे पाडतात. प्रत्येक फेरीनंतर ल्यूर गोड्या पाण्यात धुवा, वाळवा आणि ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडलं तर त्याच दिवशी पारदर्शक नेलपॉलिश किंवा इपॉक्सीचा ठिपका द्या. उन्हात उभ्या गाडीत ल्यूरचा डबा ठेवू नका, आतली हवा तापून थराखाली फोड येतात. रबरी मासे आणि रंगवलेले ल्यूर एका कप्प्यात नकोत. रबरातला तेलकट पदार्थ रंग आणि कोट दोन्ही विरघळवतो.

तुमचे आत्ताचे तडकलेले ल्यूर फेकू नका. हुक आणि आयस्क्रू काढा, रंग लाकडापर्यंत घासून टाका आणि तीन-चार आठवडे माळ्यावर ठेवा. काट्यावर वजन स्थिर झालं की भोकांपासून सुरुवात करा.