स्कॉटलंडच्या संसदेत विरोधकांचा प्रस्ताव मंजूर झाला, तर सरकारला तो पाळावा लागतो का?

तुम्ही विचारलंय, की तिथे सरकार मतदानात हरलं अशी बातमी वाचली, पण सरकार पडलं नाही आणि निर्णयही बदलला नाही, मग असे प्रस्ताव मांडायचेच कशाला?

कायद्यानं पाळावा लागत नाही. तरीही या चर्चा मला फार मोलाच्या वाटतात, कारण एक मी समोर बसून पाहिली आहे.

२०१८ साली माझी धाकटी एडिनबरात नुकतीच 'प्रायमरी वन'ला जायला लागली होती. वय पाच. त्या वर्गाच्या मुलांनाही सरकारनं संगणकावरची चाचणी लावली होती. शाळेच्या फाटकाशी आम्हा पालकांत दुसरा विषय नसायचा. १९ सप्टेंबरला, बुधवारी, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं ही चाचणी थांबवा असा प्रस्ताव आणला. मी दुपारची सुट्टी टाकून होलिरूडला, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेत, गेले आणि प्रेक्षक गॅलरीत बसले.

तिथल्या नियमांत संसदीय वर्षातले १६ अर्धे दिवस सत्तेबाहेरच्या पक्षांसाठी राखून ठेवलेले आहेत. त्या वेळेत विषय तेच ठरवतात, मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि मुख्य म्हणजे शेवटी मतदान होतं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला 'डिसिजन टाइम' असतो. पीठासीन अधिकारी विचारतात, सगळ्यांना मान्य आहे का? कुणी 'नो' म्हटलं की तेव्हा प्रत्येक जण आपल्या बाकावरचं बटण दाबत असे. त्या दिवशी आकडे आले, बाजूनं ६३, विरुद्ध ६१. सरकार हरलं होतं.

मला वाटलं, झालं, चाचणी बंद! तसं झालं नाही. शिक्षणमंत्री जॉन स्विनी यांनी चाचणी चालू ठेवली, पण स्वतंत्र आढावा नेमला. २०१९ मध्ये त्या आढाव्यानं सुधारणा सुचवून चाचणी राहू द्यावी असं म्हटलं. मला ते आजही पटत नाही. पण तो आढावा त्या मतदानामुळेच झाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सरकार हरतं याचं कारण साधं आहे. १२९ जणांच्या सभागृहात बहुमताला ६५ लागतात, आणि सत्ताधारी एसएनपीला (स्कॉटिश नॅशनल पार्टी) २०१६ मध्ये ६३ व २०२१ मध्ये ६४ जागा मिळाल्या होत्या. बाकीचे एकत्र आले की प्रस्ताव मंजूर होतो.

कायदेशीर दात मुख्यतः एका प्रस्तावाला आहेत. संपूर्ण सरकारवरचा अविश्वास मंजूर झाला, तर १९९८च्या स्कॉटलंड कायद्यानुसार मंत्र्यांना राजीनामा द्यावाच लागतो. एकट्या मंत्र्यावरच्या अविश्वासाला ती सक्ती नाही, पण त्याचा धाक मोठा. माजी फर्स्ट मिनिस्टर (तिथले सरकारप्रमुख) ॲलेक्स सामंड यांनी सरकारविरुद्ध केलेल्या खटल्यात सरकारला मिळालेला कायदेशीर सल्ला जाहीर करा, असं सभागृहानं नोव्हेंबर २०२० मध्ये दोनदा मतदान करून सांगितलं. सरकार हललं नाही. मार्च २०२१ मध्ये स्विनींवर अविश्वास आणण्याची तयारी झाली, तेव्हा मात्र कागद बाहेर येऊ लागले. स्विनी स्वतः पुढे ६५ विरुद्ध ५७ मतांनी वाचले. एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर हमझा युसफ यांनी तर आपल्यावरच्या अविश्वासावर मतदान व्हायच्या आधीच पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

आपल्या विधानसभेत विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव असतो. चर्चा जोरदार होते, सरकारचं उत्तर होतं आणि बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. इतर बाबतीतही बरंचसं काम आवाजी मतदानावर चालतं, त्यामुळे आपल्या आमदारानं नेमकं काय केलं ते मतदाराला कळत नाही. ही उणीव मला खरोखर टोचते.

होलिरूडच्या अधिकृत अहवालात कुणी कसं मत दिलं ते नावानिशी छापलं जातं. घरी आल्यावर मी आमच्या प्रतिनिधीचं नाव शोधलं. त्यांनी प्रस्तावाच्या विरुद्ध मत दिलं होतं. काही दिवसांनी ते लोकांना भेटायला बसले, तेव्हा मी त्या पानाचा प्रिंटआउट घेऊन गेले आणि त्यांच्या नावावर बोट ठेवून विचारलं, हे का? ते वीस मिनिटं बोलले. आमचं एकमत झालं नाही, पण उत्तर त्यांना द्यावं लागलं.