लीड झालीस, आता बुधवार सांभाळ

बाये,

तुझा मेसेज वाचला, रात्री साडेअकराला पाठवलेला, म्हणजे तेव्हापण तू लॅपटॉप उघडूनच बसलेली. क्लाऊडच्या टीमची लीड झालीस त्याचं अभिनंदन फोनवर झालंच. पण "टीम मागे पडतेय, रोज काहीतरी नवीन येतं, सगळ्यांना शिकवू कधी" असं जे तू विचारलंस ते लिहूनच सांगतो, फोनवर आपण पाऊस आणि लाईट गेली याच्या पुढे जातच नाही.

सगळं कोणालाच येत नसतं गो. मी फर्मागुडीच्या कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा सर्व्हर म्हणजे एसीच्या खोलीतलं कपाट. मग 2006 ला अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊडमध्ये (एडब्ल्यूएस) फाईली ठेवायला एस-थ्री आणि भाड्याच्या मशीनसाठी ईसी-टू आलं, 2013 ला प्रोग्राम डब्यात भरून चालवणारं डॉकर, 2014 ला असे डबे सांभाळणारं कुबरनेटिस, त्याच वर्षी सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारं लॅम्ब्डा, आणि दर वेळी वाटायचं आता आपलं दुकान बंद. वर्षाच्या शेवटी लास वेगासला अ‍ॅमेझॉनची मोठी कॉन्फरन्स होते, त्या आठवड्यात एवढ्या घोषणा होतात की नुसती यादी वाचून माणूस दमतो, पण त्यातल्या तुमच्या कामाच्या असतात दोन नाहीतर तीन. त्या कुठल्या ते हुडकायला घोषणा वाचत बसू नकोस, आपल्याच सिस्टममध्ये काय बंद पडणार आहे ते आधी बघ.

आमचीच गोष्ट सांगतो. कुबरनेटिसची वर्षाला साधारण तीन व्हर्जन येतात, एकेकाला 14 महिन्यांच्या आसपास सपोर्ट. 2021 च्या 1.22 मध्ये इन्ग्रेसची, म्हणजे बाहेरची ट्रॅफिक आत आणणाऱ्या नियमांची, जुनी बीटा एपीआय (ते नियम लिहायची जुनी पद्धत) काढून टाकली. त्याच्या आधीपासून कमांड चालवली की पिवळी वॉर्निंग यायची, आम्ही सगळे ती बघायचो आणि पुढे जायचो, रस्त्यावरच्या खड्ड्याची सवय होते ना तसं. अपग्रेड केलं, चालू असलेल्या साइट चालूच राहिल्या म्हणून खूश झालो, आणि दुसऱ्या दिवशी नवीन डिप्लॉय (नवा कोड चढवणं) जाईचना. त्या जुन्या एपीआयच्या फाईली कोण कोण वापरतंय ते शोधण्यात अख्खा दिवस गेला. त्याला घाबरून पुढे अपग्रेडच लांबणीवर टाकत राहिलो, तर ते बिलात निघालं. ईकेएस म्हणजे एडब्ल्यूएसवरचं कुबरनेटिस, त्यात एका क्लस्टरचे (एकत्र जोडलेल्या मशीनच्या गटाचे) तासाला 10 सेंट पडतात, स्टँडर्ड सपोर्ट संपला की 60, म्हणजे एका क्लस्टरमागे महिन्याला 365 डॉलर जास्त, फक्त जुनं ठेवल्याबद्दल. आमचे तीन होते. म्हणून सांगतो, मॅनेजरला "टीमला शिकायला वेळ द्या" म्हणून सांगायला जाऊ नकोस, बिलातली ती ओळ दाखव.

वेळ मागायचाच तर ऑफिसच्या वेळेतला माग. बुधवारी तीन ते पाच, कॅलेंडरवर ब्लॉक, त्यात मीटिंग नाही. रात्री घरी बसून व्हिडिओ बघा म्हणालीस तर ज्याच्या घरी लहान पोर आहे तो पहिला गळणार. काम वाढलं की सगळ्यात आधी बुधवारच कापायला निघतील, तिथे भांडायचं. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते तेव्हा मालीमच्या जेटीवर ट्रॉलर उभे असतात, जाळी शिवणं, इंजिन उघडणं चालू असतं, त्यांना कोणी रिकामे बसलेत म्हणत नाही. (हे मी खरंच एका मॅनेजरला म्हणालो होतो, हसला, पण वेळ दिला.)

त्या दोन तासांत लेक्चर नको. एकेकाला एकेक गोष्ट वाटून दे, एकाकडे डेटाबेस, एकीकडे क्लस्टर, एकाकडे बिल. त्याने रिलीज नोट वाचायची आणि आपल्या कुठल्या फाईलला धक्का लागतो तेवढंच सँडबॉक्सवर, म्हणजे प्रयोगासाठी वेगळ्या ठेवलेल्या जागेत, करून दाखवायचं. सँडबॉक्सला बजेट अलर्ट लाव हां, आमच्यातला एकजण मोठी मशीन चालू ठेवून चवथीला गावी गेला, पाच दिवसांनी मोदक खाऊन आला तोवर मीटर पळतच होता. त्याला ओरडलो नाही. ओरडलो असतो तर परत कोणी सँडबॉक्सला हात लावला नसता.

आता तू लिहिलंयस त्या वयाने मोठ्या गृहस्थांचं, मीटिंगमध्ये गप्प बसतात, "त्यांना क्लाऊड जमत नाही" वगैरे. इथे जरा थांब. आमच्याकडेही असेच एक होते, पंचवीस वर्षं केबली ओढलेले, यामल फाईल (कुबरनेटिसला काय चालवायचं ते त्यात लिहितात) उघडली की चेहरा पडायचा. एकदा पॉड (कुबरनेटिसवर चालणारे प्रोग्राम) सुरूच होईनात, पोरं दोन तास यामल चिवडत बसलेली, हे मागून येऊन म्हणाले "सबनेट केवढा आहे रे?" सबनेट म्हणजे नेटवर्कचा एक तुकडा, आमचा होता स्लॅश 24. म्हणजे 256 पत्ते, पाच एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं, राहिले 251, आणि आमच्या सेटअपमध्ये प्रत्येक पॉडला त्यातलाच एक आयपी पत्ता लागतो. पत्तेच संपले होते. पोरांना हे माहीत नव्हतं कारण त्यांनी नेटवर्क कधी हाताने बांधलंच नव्हतं, आणि यांना वाटत होतं की आपल्याला येतं ते आता जुनं झालं. त्या दिवसापासून मी त्यांना आणि सगळ्यात लहान पोरीला जोडीने बसवलं, ती यामल लिहायची, हे प्रश्न विचारायचे. तुझ्या गृहस्थांना चारचौघांत काही विचारू नकोस, चहाला घेऊन जा आणि तुझी एखादी अडचण त्यांना सांग.

सर्टिफिकेशनचं म्हणशील तर परीक्षेची फी कंपनीकडून घे, तयारीत वाचन होतं, पण एडब्ल्यूएसचं ते तीन वर्षंच चालतं, त्यावरून कोण हुशार ते ठरवू नकोस. आणि चवथीच्या आदल्या आठवड्यात प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या सिस्टमला, हात लावायचा नाही, फोन उचलायला गोव्यात कोणी सापडणार नाही.

रविवारी पणजीला येणार म्हणालीस ना? येताना तुमच्या सगळ्या क्लस्टरची व्हर्जनं आणि त्यांचा सपोर्ट कधी संपतो त्या तारखा एका कागदावर लिहून आण. लॅपटॉप आणू नकोस.

तुझा,
जुना लीड