तणनाशकाने न मरणारा लसूणघास आणि आपल्या वाफ्यातली अमरवेल

प्रश्न : चोपडा आणि शिरपूर तालुक्यांतल्या काही पशुपालकांनी विचारले आहे की, अमेरिकेत तणनाशक मारले तरी घास मरत नाही, असे बियाणे निघाले आहे म्हणतात. आमच्या घासात अमरवेल (घासाचा रस शोषून जगणारी पिवळी वेल) माजली आहे. ते बियाणे कुठे मिळेल? आणि त्याने दूध वाढते का?

उत्तर : असे बियाणे आहे, हे खरे. ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणाऱ्या लसूणघासाला अमेरिकेत २००५ मध्ये परवानगी मिळाली. २००७ मध्ये न्यायालयाने नवी पेरणी थांबवली आणि २०११ मध्ये ती पुन्हा खुली झाली. आपल्याकडे मात्र शेतकऱ्याने कायदेशीर पेरावे असे जनुकीय बदलाचे पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. घासाला परवानगी नाही. त्यामुळे कोणी 'अमेरिकन घास' म्हणून पाकीट पुढे केले, तर ते एकतर साधेच बियाणे आहे किंवा चोरटे आहे. 'चोर बीटी'ने, म्हणजे कापसाच्या बेकायदा बियाण्याने, खान्देशात काय केले ते आपण पाहिले आहे : पक्के बिल नाही, लॉट नंबर नाही, उगवले नाही तर तक्रार करायलाही जागा नाही. साध्या घासावर ग्लायफोसेट पडले, तर तणाबरोबर घासही जाईल.

अमरवेलीपुरते बोलायचे, तर ते बियाणेसुद्धा रामबाण नाही. घासाला विळखा घातलेली अमरवेल ग्लायफोसेटने दबते, पण चिकटलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटते. शिवाय त्या बियाण्यातली काही रोपे मुळातच तो गुण न घेता उगवतात आणि पहिल्याच फवारणीत मरतात.

दुधाचे म्हणाल, तर तणनाशक सहन करण्याच्या गुणाचा दुधाशी संबंध नाही. २०१४ मध्ये तिकडे कमी लिग्निनचा (काडी निबर करणारा घटक कमी असलेला) घास मंजूर झाला. त्याची काडी उशिरा निबर होते, म्हणून कापणी आठवडाभर लांबली तरी चारा पचतो. आपल्याकडे घास २५ ते ३० दिवसांत कापणीला येतो. वेळेवर विळा लावला की कोवळेपणा फुकट मिळतो.

आता खऱ्या दुखण्याकडे. अमरवेल बहुतेक वेळा बियाण्याच्या पिशवीतूनच शेतात येते. मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात बघा. घासाचे बी मूत्रपिंडाच्या आकाराचे, पिवळसर आणि चकचकीत असते. अमरवेलीचे त्याहून बारीक, गोलसर, करडे-तपकिरी, खरखरीत आणि निस्तेज. असा दाणा दिसला, तर ती पिशवी परत करा. प्रमाणित बियाणे घेतले तरी पाण्यात मीठ विरघळवून त्यात बी टाका, ढवळा, तरंगणारे सगळे काढून जाळा. खाली बसलेले बी दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवा, कारण मीठ राहिले तर पुढे बियाण्याला चोळायचे जिवाणू मरतात. सावलीत सुकवून १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत चोळा. पाकिटावर ते लसूणघासासाठीचे आहे ना, एवढे वाचा. हरभऱ्याचे इथे चालत नाही.

शेतात वेल आलीच असेल, तर पिवळ्या-नारिंगी दोऱ्यांचे ठिगळ दिसताच त्याभोवती हातभर जास्त जागा घेऊन घासासकट जमिनीलगत कापा आणि तिथेच वाळवून जाळा. फुलोऱ्याच्या आत हे झालेच पाहिजे. कापलेली वेल जनावरांना घालू नका, उकिरड्यावरही टाकू नका. तिचे बी शेणातून जिवंत बाहेर पडते आणि तेच खत पुढच्या वर्षी वाफ्यात जाते. जमिनीत ते दहा वर्षांहून अधिक तग धरते. सगळाच वाफा पिवळा पडला असेल, तर घास मोडा आणि तिथे ज्वारी किंवा मका घ्या. गवतवर्गीय पिकांवर अमरवेल जगत नाही.

नवी पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर करा. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले की मुळे कुजून घास मरतो, म्हणून निचरा आधी बघा. फुले आरएल-८८ हा बहुवार्षिक वाण आपल्याकडे चांगला. एकरी १० किलो बी, दोन ओळींत ३० सेंमी अंतर, खोली फार तर दोन सेंमी. फोकून पेरू नका. ओळी असतील तरच पहिल्या महिन्यात दोनदा हातकोळपे चालते, आणि तणनाशकाची निम्मी गरज तिथेच संपते. पेरताना एकरी १७ किलो युरिया, २०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, २७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्या. पहिली कापणी ५० ते ६० दिवसांनी, जमिनीपासून ५ ते ७ सेंमी ठेवून. त्याखाली विळा गेला, तर फूट मरते.

चारताना एक काळजी. ओला घास उपाशी जनावरासमोर टाकला की पोट फुगते आणि तासाभरात जनावर दगावू शकते. कापून तीन-चार तास सुकवा, आधी दादर ज्वारीच्या कडब्याची कुट्टी खाऊ द्या, मग दुभत्या गाईला दिवसभरात ८ ते १० किलो घास दोन वेळा विभागून द्या. डावी कूस फुगलेली दिसली, तर चारा लगेच थांबवा आणि पशुवैद्यकाला बोलवा.