चाकणचे चाळीस हजार आणि येळ्ळूरची पेटी

प्रश्न : काकू, नमस्कार. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, वय २६, मेकॅनिकलचा डिप्लोमा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसी (धातू कापणारं संगणकी मशीन) सेटर आहे. पगार १९,८००, ओटी धरून हातात साधारण २१,५०० पडतात. शिफ्ट सुटली की आठवड्यातून तीन दिवस शहापूरला गुरुजींकडे पेटी शिकायला जातो. 'मध्यमा पूर्ण' परीक्षा पास झालोय. गावच्या भजनी मंडळात साथीला बसतो. आता पुण्याजवळच्या चाकणच्या एका कंपनीची ४ लाख ८० हजारांची ऑफर आली आहे. महिना ४०,०००, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण तिथं शिफ्ट दर आठवड्याला बदलते, पेटी सुटणार. कधी वाटतं, नोकरीच सोडावी, विशारद करावं आणि क्लास काढावेत. घरात बाबांचं सोसायटीचं दीड लाखाचं पीककर्ज आहे, आईच्या नावावर मायक्रोफायनान्सचे ६०,००० बाकी आहेत. ठरावीक कमाईनंतर पैशानं सुख वाढत नाही, असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय म्हणे. मित्र म्हणतात, आधी पैसा बघ. आई म्हणते, पुण्याची नोकरी नसेल तर पोरगी कोण देणार? काय करू?

उत्तर : अरे, तुझं पत्र वाचलं आणि आधी कॅल्क्युलेटर काढला. निपाणीच्या तंबाखूवाल्यांपासून खानापूरच्या वीटभट्टीवाल्यांपर्यंत सगळ्यांचे कर्जाचे अर्ज वाचण्यात माझी सगळी नोकरी सरली. त्यामुळं 'पैसा की सुख' असं कुणी विचारलं की मी म्हणते, पैसा किती ते आधी नीट सांग.

तुझे ४०,००० हे ४०,००० नव्हेत. ४ लाख ८० हजार ही सीटीसी आहे, म्हणजे कंपनीला तू वर्षाला केवढ्यात पडतोस तो आकडा. बेसिक निम्मं, २०,००० धरू. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि ग्रॅच्युइटीचे साडेनऊशेच्या आसपास, हे दोन्ही त्याच ४०,००० त बसवलेले असतात. दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा भाग, असेल तर ते ४,००० वर्षाअखेरीस, तेही साहेबाची मर्जी राखलीस तर. उरले साडेबत्तीस हजार. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० गेला की हातात तीस हजार. पीएफ तुझाच आहे, बुडत नाही, पण त्यातून खोलीचं भाडं देता येत नाही.

आता तिथला खर्च. चौघांत खोली, मेस, सकाळचा नाश्ता, महिन्यातून एकदा गावाकडं यायची गाडी, मोबाइल. काटकसर केलीस तरी १२,००० कुठं जात नाहीत. राहिले १८,०००. आणि इथं? २१,५०० तून पेट्रोल आणि वरखर्चाचे साडेतीन हजार काढ. १८,०००! आईच्या हातचं जेवण मी यात धरलेलंच नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही पोरं बघतच नाही. ओटी सोडून तुझा पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे तू ईएसआयमध्ये, सरकारी कामगार विम्यात, असणार. त्यात तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईबाबांचंही औषधपाणी होतं. चाकणला पगार ती मर्यादा ओलांडतो, ईएसआय सुटतं. कंपनी ग्रुप इन्शुरन्स देईल, पण त्यात आईबाबा आहेत का, हे ऑफर लेटरमध्ये शोध. पत्र कंपनीच्या नावाचं आहे की ठेकेदाराच्या, तेही बघ.

याचा अर्थ चाकण वाईट असं नाही. मोठ्या कंपनीचा शिक्का बसला की तीन-चार वर्षांत पगार उडी मारतो, हे खरं आहे. पण ती उडी पुढची आहे. आज जाशील तो 'दुप्पट' म्हणून जाऊ नकोस, एवढंच.

तू वाचलेल्या संशोधनाबद्दल. २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि अर्थतज्ज्ञ डीटन यांनी अमेरिकेतल्या लोकांचा अभ्यास करून सांगितलं, की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ७५,००० डॉलरच्या वर गेलं की रोजचं बरं वाटणं फारसं वाढत नाही. तो आकडा जगभर फिरला. २०२१ मध्ये किलिंग्जवर्थ या संशोधकानं वेगळ्या पद्धतीनं मोजलं, तर सुख वाढतच होतं. मग २०२३ मध्ये कानेमन आणि किलिंग्जवर्थ एकत्र बसले. निघालं ते असं : बहुतेकांचं सुख कमाईबरोबर वाढत राहतं. जे सगळ्यात दुःखी आहेत त्यांचं मात्र एका टप्प्यापर्यंतच वाढतं, पुढं थांबतं, कारण त्यांचं उरलेलं दुःख पैशानं हटणारं नसतं. अमेरिकेतला आकडा येळ्ळूरला लावू नकोस. मला त्यातलं शेवटचं पटतं. आपल्या दुःखांपैकी पैशानं हटणारं कोणतं, ते आधी वेगळं काढायचं.

तुझ्या घरात ते एकच दिसतंय, आणि ते बाबांचं कर्ज नव्हे. सहकारी सोसायटीचं पाच लाखांपर्यंतचं पीककर्ज कर्नाटकात बिनव्याजी आहे, मुदतीत फेडलं तर. दीड लाखाला घाबरून गाव सोडायचं कारण नाही, फक्त तारीख चुकवू नका. बासमती विकला की आधी सोसायटी, मग बाकीचं. खरा काटा आईच्या ६०,००० चा आहे. त्या कर्जाचं व्याज बहुतेक वीस टक्क्यांच्या वर असतं. हप्त्याच्या दिवशी बायका कशा एकमेकींची तोंडं चुकवतात, ते मी गावोगावी पाहिलंय. महिना ६,००० लावलेस तर वर्षभरात साफ होतं. घरात चार तोळे पडून असतील तर बँकेत सोनेतारण करून ते आजच मिटवा, व्याज निम्म्यावर येईल. हे तुझ्या आत्ताच्या पगारात होतं.

आता पेटीचे क्लास. विशारदचे अजून दोन टप्पे आहेत तुला, प्रथम आणि पूर्ण. वीस पोरं जमली, ५०० रुपये फी धरली, तर १०,०००. मार्चला परीक्षा, मेमध्ये सगळे मामाच्या गावाला, म्हणजे तेव्हा फी नाही. पण पैशापेक्षा मला दुसरी शंका आहे. एकादशीला भजनात बसून अभंगाला साथ करणं वेगळं, आणि रोज संध्याकाळी तेच अलंकार वीस पोरांकडून घोटून घेणं वेगळं. रामभाऊ विजापुऱ्यांसारखे आयुष्यभर पेटी शिकवणारे याच बेळगावात झाले. तसा शिकवण्याचा पिंड आहे का तुझा? नोकरी न सोडता तपासता येतं. रविवारी सकाळी गावातली पाच पोरं घेऊन बस, आणि फी घे. फुकट शिकवून काही कळत नाही. दिवाळीनंतरही रविवारची वाट बघत असलास तर मला पुन्हा लिही.

आणि एक विचारू? पत्रात पेटी आहे, भजन आहे, गुरुजी आहेत. मशिनबद्दल मात्र 'सेटर आहे' एवढंच. नवीन जॉब लागतो, फिक्स्चर बसवून ऑफसेट घेतोस, पहिला पीस क्वालिटीवाला मायक्रोमीटर लावून बघतो आणि मान हलवतो. तेव्हा काहीच वाटत नाही? वाटत असेल तर सुख सगळं पेटीतच आहे असं समजू नकोस. प्रोग्रॅमिंग शिक, कॅमचा (संगणकावर मशिनचा प्रोग्रॅम बनवायचा) कोर्स कर. आपल्याच जिल्ह्यात हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानांचे सुटे भाग बनतात, तिथं चांगल्या सेटरला काय देतात ते विचारून ये. शिफ्टचंही तेव्हाच विचार. काहीच वाटत नसेल, तर चाकणला जाऊनही तेच मशीन आहे, आणि तिथं पेटीही नाही.

माझं मत विचारशील तर वर्षभर इथंच राहा. आईचं कर्ज संपव, विशारद प्रथमला बस, कॅम शिक. मग चाकण काय नि हत्तरगी काय, चार पैसे जास्त मागून जाशील.

लग्नाचं आईला माझ्याकडून सांग. पुण्याची नोकरी बघून पोरगी देणारे चाकणला येऊन खोली बघतात, आणि चौघांतली खोली बघून परत जातात. स्थळ आलं तर मुलीशी तूच बोल की. हातात किती पडतात ते सांग, कर्ज किती ते सांग, आणि एकादशीच्या रात्री तू घरी नसतोस हेही आधीच सांगून टाक.